चुरो

चुरो हा स्पेनमधला तळणीचा पदार्थ. गव्हाच्या पिठाची उकड काढायची, ती चांदणीच्या आकाराचे भोक असलेल्या सोऱ्यात भरायची आणि थेट गरम तेलात पाडायची. पीठ, पाणी आणि मीठ एवढेच त्याचे मूळ घटक. अंडे, लोणी, दूध यांपैकी काहीही स्पेनच्या पारंपरिक चुरोत पडत नाही. सकाळच्या न्याहारीला किंवा संध्याकाळच्या खाण्याला, चमचा उभा राहील इतक्या दाट गरम चॉकलेटात बुडवून तो खातात. मुंबई-पुण्याच्या कॅफेंत ‘चुरोज’ म्हणून दालचिनी-साखरेत घोळवलेल्या लांब कांड्या मिळतात. तो प्रकार मेक्सिको आणि अमेरिकेकडून आला आहे. माद्रिदच्या चुरोत दालचिनी नसते आणि साखरही ज्याला हवी त्याने वरून भुरभुरायची असते. मोदकाची उकड आणि चकलीचा सोऱ्या ज्या घरात आहे, त्या घराला हा पदार्थ वाटतो तितका परका नाही.

नावे

‘चुरो’ हे नाव कुठून आले यावर एकमत नाही. सर्वांत जास्त सांगितली जाते ती व्युत्पत्ती मेंढीची. स्पेनच्या कास्तिया प्रदेशात ‘चुरा’ नावाची जाडसर लोकरीची मेंढी पाळतात. तिच्या वळलेल्या शिंगांसारखा दिसतो म्हणून चुरो, असे म्हणतात. गरम तेलात पीठ पडताना होणाऱ्या आवाजावरून हा शब्द आला, असाही एक तर्क आहे. चर्र आवाजाची सवय असलेल्या मराठी कानाला तो लगेच पटतो, पण कानाला पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

दक्षिण स्पेनमधली, म्हणजे अंदालुसियामधली, नावे जास्त बोलकी आहेत. तिथे अनेक गावांत या पदार्थाला ‘हेरिंगो’ म्हणतात आणि मालागा शहरात ‘तेहेरिंगो’. स्पॅनिशमध्ये ‘हेरिंगा’ म्हणजे पिचकारी. पीठ ज्या नळीतून दाबून काढतात तिच्यावरूनच पदार्थाचे नाव पडले. सेव्हियामध्ये ‘कालेंतितोस’ हे नाव चालते, त्याचा अर्थ ‘गरमागरम छोटे’. मेंढीची गोष्ट गोड असली तरी पदार्थाचे मर्म या दोन साध्या नावांत आले आहे. एक नाव साधन सांगते आणि दुसरे खाण्याची वेळ.

रोजच्या बोलण्यातही चुरो भिनला आहे. एखादी वस्तू हातोहात खपली की ती ‘चुरोसारखी खपते’. हातचे काम बिघडले, वेडेवाकडे झाले, की ‘चुरो झाला’ म्हणतात. एकाच पदार्थाच्या नावात भरभराट आणि फजिती दोन्ही बसावीत हे थोडे विचित्र आहे. तळताना पाहिले की दुसरा अर्थ मात्र समजतो, कारण नळीतून पीठ सरळ पडेलच याची खात्री नसते.

उगमाच्या गोष्टी

चुरोच्या जन्माच्या तीन कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात.

पहिली मेंढपाळांची. डोंगरात महिनोन्महिने फिरणाऱ्यांना भट्टी नाही, पाव नाही, मग त्यांनी उघड्या विस्तवावर कढई ठेवून पीठ तळायला सुरुवात केली. गव्हाचे पीठ आणि कढई हे दोन्ही मेंढपाळाजवळ असू शकते. पण भरपूर तेलात बुडवून तळणे रानातल्या माणसाला परवडेल का, आणि चांदणीच्या भोकाची नळी तो कशाला वाहून नेईल, या दोन प्रश्नांची उत्तरे या कथेत मिळत नाहीत.

दुसरी चीनची. चीनमध्ये ‘यौत्याओ’ नावाची तळलेल्या पिठाची लांब कांडी न्याहारीला खातात. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या पोर्तुगीजांनी ती पाहिली आणि मायदेशी नेली, अशी ही कथा आहे. दोन्ही पदार्थ लांब, तळलेले आणि सकाळचे, म्हणून साम्य डोळ्यांत भरते. पीठ पाहिले की साम्य संपते. यौत्याओचे पीठ फुगवणारे क्षार घालून मळतात, मुरवतात, दोन पट्ट्या एकमेकींवर दाबतात आणि हाताने ताणून तेलात सोडतात. चुरोचे पीठ उकळत्या पाण्याने शिजवलेले असते. ते ताणले तर तुटते, म्हणूनच ते दाबून काढावे लागते. शिवाय पीठ तेलात तळण्याची कला स्पेन-पोर्तुगालला चीनकडून शिकायची गरजच नव्हती, ती तिथे कितीतरी आधीपासून होती.

तिसरी कथा अरबांच्या काळाची आहे, आणि तिला सर्वांत जास्त आधार आहे. आठव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या. तेराव्या शतकातल्या अंदालुसी पाककृतींत तळलेल्या पिठाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला एक ‘झुलाबिया’: आंबवलेले पातळ पीठ तळाशी भोक असलेल्या भांड्यातून गरम तेलात गोल गोल सोडायचे आणि तळून झाल्यावर मधात बुडवायचे. मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. आपली जिलबी याच घराण्यातली आहे. तिचे नावही त्याच अरबी शब्दाकडून फारसीमार्गे आपल्याकडे आले. भोकातून पीठ तेलात सोडण्याची एक युक्ती पूर्वेला येऊन जिलबी झाली आणि पश्चिमेला स्पेनच्या तळणीत मुरली. चुरो म्हणजे थेट झुलाबिया असे मात्र म्हणता येत नाही. झुलाबियाचे पीठ आंबवलेले आणि ओतता येणारे, चुरोचे उकडलेले आणि घट्ट. दोघांना चुलत नात्यातले म्हणणे जास्त योग्य.

या तिन्ही कथा ‘कोणी शोधला’ हा प्रश्न विचारतात. त्याऐवजी सोऱ्या आणि उकड यांचा माग काढावा. तळलेले पीठ जवळजवळ प्रत्येक समाजात आहे. स्पॅनिशमध्ये तर अशा सगळ्या पदार्थांना मिळून ‘तव्यावरची फळे’ असे सुंदर नाव आहे. त्या मोठ्या गोतावळ्यातून चुरो वेगळा निघतो तो चांदणीच्या नळीमुळे आणि उकडीमुळे. असा पदार्थ एका माणसाने एका दिवशी शोधलेला नसतो. रस्त्यावर तळून विकणाऱ्यांच्या हाताखाली तो हळूहळू घडतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो स्पेनच्या शहरांत आणि जत्रांत पक्का रुजला होता. माद्रिदमध्ये चुरो बोरूसारख्या लव्हाळ्याच्या काडीत ओवून विकत, म्हणजे गिऱ्हाइकाला ती जुडी हातात धरून घरी नेता येई.

चॉकलेटशी गाठ

चुरो आणि चॉकलेट ही जोडी महासागराच्या दोन काठांवरून जुळली. कोको मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिथले लोक तो वाटून, पाण्यात फेसून, मिरची आणि सुगंधी द्रव्ये घालून पीत. सोळाव्या शतकात तो स्पेनमध्ये आला. तिथे त्यात साखर आणि दालचिनी पडली, तो गरम पिण्याची रीत रुळली आणि सतराव्या शतकात दरबारापासून मठांपर्यंत त्याचे वेड पसरले. इतके की चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का यावर धर्मपंडितांचे वाद झडले आणि १६३६ मध्ये आंतोनिओ दे लेओन पिनेलो यांनी या एका प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. उपवासाला कोथिंबीर चालते की नाही यावर ज्या घरांत दर एकादशीला चर्चा होते, तिथे या वादाची गंभीरता वेगळी समजावून सांगायला नको.

उलट दिशेने गहू आणि ऊस जहाजांतून अमेरिकेत गेले. म्हणून आज मेक्सिकोत चुरो आहे आणि माद्रिदमध्ये चॉकलेट. या देवाणघेवाणीमागे विजय, गुलामगिरी आणि मळ्यांवरची सक्तीची मजुरी होती, तेही या पदार्थाच्या इतिहासाचाच भाग आहे.

स्पेनमधले चुरोबरोबरचे चॉकलेट म्हणजे आपल्या ओळखीचे पातळ ‘हॉट चॉकलेट’ नव्हे. त्यात कॉर्नफ्लोअरसारखे पिष्ट घालून ते खिरीसारखे दाट शिजवतात. चुरो बुडवून वर काढला की खाचांमध्ये ते अडकून राहिले पाहिजे. ‘बोलणे स्वच्छ असावे आणि चॉकलेट दाट’ अशी स्पॅनिशमध्ये म्हणच आहे.

कसा करतात

साधारण जितके पीठ तितकेच पाणी, वाटीने मोजून. पाणी मीठ घालून खळखळ उकळायचे आणि एकदम पिठावर ओतून लाकडी चमच्याने जोराने घोटायचे. उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुगते आणि पुष्कळ पाणी धरून ठेवते. गव्हातला चिवटपणा याच उष्णतेने मोडतो, म्हणून चुरो पुरीसारखा फुगत नाही आणि पावासारखा ओढलाही जात नाही. बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ, किंचित ओलसर असा त्याचा पोत यातून येतो. तेल साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस असावे लागते. ते कमी तापलेले असेल तर चुरो तेल पितो.

चांदणीचे भोक नक्षीसाठी आहे असे वाटते, पण ते सुरक्षिततेसाठी आहे. गोल, गुळगुळीत कांडी तळली तर बाहेरचे कवच आधी कडक होते, आत पाण्याची वाफ कोंडते आणि कांडी तेलातच फुटते. चांदणीच्या खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, मधला भाग कडेपासून फार लांब राहत नाही आणि वाफेला वाट मिळते. पिठात हवेचे पोकळ बुडबुडे राहू नयेत म्हणून नळीत पीठ ठासून भरतात. अंदालुसियात जुने कारागीर खांद्याला टेकवून दाबायची मोठी नळी वापरत. अंगाचा भार देऊन दट्ट्या पुढे सरकवायचा आणि हात फिरवत कढईत गोल पाडायचा, हे काम पाहण्यासारखे असते.

अनारसा तेलात हसला तर जीव हळहळतो. चुरो फुटला तर माणूस भाजतो. २००४ मध्ये चिलीतल्या ‘ला तेरसेरा’ या दैनिकाने चुरोची कृती छापली. त्याप्रमाणे करणाऱ्या अनेकांच्या अंगावर फुटलेल्या चुरोबरोबर उकळते तेल उडाले. कृतीत सांगितलेले तापमान फार जास्त होते आणि छापण्याआधी ती नीट तपासलेली नव्हती. प्रकरण चिलीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ च्या अखेरीस न्यायालयाने १३ जणांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कृती लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे असे मनापासून वाटते.

चुरोचा मोठा भाऊ म्हणजे ‘पोर्रा’. त्याचे पीठ अधिक सैल असते, त्यात सोडा किंवा यीस्ट पडते आणि ते थोडा वेळ मुरवतात. मग जाड नळीने कढईभर एकच मोठे चक्र पाडतात, दोन लांब काठ्यांनी ते उलटतात आणि तळून झाल्यावर कात्रीने तुकडे करतात. आतून तो जाळीदार आणि हलका असतो. माद्रिदमध्ये न्याहारीला चुरो की पोर्रा हा आवडीनिवडीचा कायमचा प्रश्न आहे. चॉकलेट जास्त धरून ठेवायचे तर खाचांचा चुरो आणि पोट भरायचे तर पोर्रा, असे नवख्याला सांगता येईल.

स्पेनमध्ये कुठे खावा

चुरो तेलातून निघाल्यावर काही मिनिटांतच खायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांत तो चिवट होतो आणि पुन्हा गरम केला तरी पहिल्यासारखा होत नाही. म्हणून कुठे खावा याचे पहिले उत्तर: जिथे तुमच्यासमोर तळतात तिथे. अशा दुकानाला ‘चुरेरिया’ म्हणतात. बहुतेक गावांत ती असते आणि सकाळी लवकर उघडते.

माद्रिदमधली सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे पुएर्ता देल सोल चौकाजवळच्या सान हिनेस चर्चशेजारच्या बोळातली चॉकोलातेरिया सान हिनेस. ती १८९४ पासून आहे. दुसऱ्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या काळात, बोळात दडलेली म्हणून तिला ‘ला एस्कोंदिदा’, म्हणजे ‘लपलेली’, म्हणत. संगमरवरी टेबले, आरसे, भिंतीवर येऊन गेलेल्या नामवंतांची छायाचित्रे. नाटक सुटल्यावर, नाचगाण्याच्या जागा बंद झाल्यावर, रात्री उशिरा आणि पहाटे तिथे रांग लागते. ३१ डिसेंबरला मध्यरात्री पुएर्ता देल सोलच्या घड्याळाच्या १२ ठोक्यांबरोबर १२ द्राक्षे खायची आणि नव्या वर्षाची पहाट चुरो-चॉकलेटने करायची ही माद्रिदची रीत आहे. त्या दिवशी गर्दी अफाट असते. चुरो निवांत खायचा असेल तर साध्या आठवड्याच्या दिवशी सकाळी जावे.

दक्षिणेकडे मालागामध्ये आतारासानास बाजाराजवळ कासा आरांदा आहे, १९३२ पासूनची. एका दुकानाने गल्लीतली शेजारची दुकाने हळूहळू व्यापली आणि टेबले बाहेर पसरली. ग्रानादामध्ये बीब-रांब्ला चौकात चुरो खावा. तिथला त्याच नावाचा कॅफे १९०७ पासूनचा आहे आणि चौकाचे नावच अरबी काळातले आहे. सेव्हियामध्ये बार एल कोमेर्सिओ १९०४ पासून ‘कालेंतितोस’ तळतो.

बार्सेलोनामध्ये पेत्रिचोल नावाची अरुंद गल्ली चॉकलेटच्या जुन्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे चॉकलेटवर घुसळलेल्या सायीचा डोंगर घालून देतात, त्याला ‘सुइस’ म्हणतात, आणि चुरोबरोबर मेलिंद्रो नावाची स्पंजसारखी मऊ बिस्किटेही बुडवून खातात.

या सगळ्यांपेक्षा मला पांप्लोनाची ला मान्युएता थोर वाटते. १८७२ मध्ये सुरू झालेली ही चुरेरिया एकाच घराण्याच्या पिढ्या चालवत आल्या आहेत. लाकडाच्या विस्तवावर, ऑलिव्ह तेलात चुरो तळतात. वर्षातले फार थोडे दिवस ती उघडी असते: मुख्यतः जुलैमधल्या सान फेर्मिनच्या उत्सवात आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी, तेही सकाळच्या काही तासांपुरती. धुराचा वास, ओळीने उभी माणसे आणि कागदात गुंडाळलेले डझनभर चुरो. विस्तव, तेल आणि हात यांच्यापलीकडे तिथे काही नाही, म्हणून चुरो मुळात काय होता ते तिथे कळते.

इतर देशांत

मेक्सिको सिटीच्या मध्यवस्तीत १९३५ मध्ये स्पेनमधल्या नावार्राहून आलेल्या फ्रान्सिस्को इरिआर्ते यांनी ‘एल मोरो’ सुरू केले. आज त्याच्या अनेक शाखा आहेत. काचेपलीकडे कढईत चुरोचे मोठे चक्र पडताना दिसते, मग ते तोडून साखरेत घोळवतात. चॉकलेटचे मेक्सिकन, स्पॅनिश, फ्रेंच असे गोडी आणि दाटपणा बदलत जाणारे प्रकार मिळतात. मेक्सिकोतच चुरोला पोकळ करून आत ‘काहेता’ भरतात. काहेता म्हणजे बकरीचे दूध साखरेसह तांबूस होईपर्यंत आटवून केलेला दाट पाक.

आर्जेन्टिनात याच जागी गाईच्या दुधाचे ‘दुल्से दे लेचे’ येते आणि उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यांवर टोपल्या घेतलेले विक्रेते वाळूतून हाका मारत चुरो विकतात. ब्युनोस आयरिसच्या कोरिएंतेस रस्त्यावरचे ला हिराल्दा चुरो-चॉकलेटसाठी ओळखले जाते. उरुग्वेमध्ये चीज भरलेला खारा चुरोही मिळतो. ब्राझीलमध्ये चुरोच्या हातगाड्या शाळांबाहेर आणि चौकांत दिसतात. पोर्तुगालमध्ये जत्रेतला जाड, चक्राकार प्रकार ‘फार्तुरा’ नावाने चालतो, तो चुरोपेक्षा पोर्राच्या जवळचा. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवटीबरोबर गेलेला चुरो तिथल्या कोकोच्या वड्यांपासून केलेल्या दाट ‘त्सोकोलाते’बरोबर, विशेषतः नाताळच्या दिवसांत, खातात.

अमेरिकेत चुरो मेक्सिकन वस्त्यांबरोबर गेला, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये विकायला लागल्यावर तो करमणूक उद्यानांचा आणि मैदानांचा पदार्थ झाला. लांब, सरळ, दालचिनी-साखरेत घोळवलेला, चालता चालता एका हाताने खाण्याजोगा. जगभरच्या मॉलमध्ये पोहोचलेला नमुना हाच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत स्थलांतरित बायका ढकलगाडीत चुरो घेऊन उभ्या असतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिनच्या ब्रॉडवे जंक्शन स्थानकावर पोलिसांनी अशा एका विक्रेतीला बेड्या घातल्या, त्याचे चित्रीकरण पसरले आणि शहरात निदर्शने झाली. पहाटे उठून घरी पीठ घोटणाऱ्या या बायकांकडे परवाना नसतो, कारण तो मिळणेच कठीण असते. चुरो मुळात रस्त्यावर विकणाऱ्यांनी घडवला, ही गोष्ट त्या निदर्शनांतून अनेकांच्या ध्यानात आली असेल.

महाराष्ट्रातल्या घरी

कॅफेंत मागवताना चुरो ऑर्डरनंतर तळतात का, एवढे विचारावे. गोठवलेला चुरो ओव्हनमध्ये गरम करून दिलेला असेल तर तो कोरडा, बिस्किटासारखा लागतो.

घरी चकलीचा सोऱ्या चालतो, मात्र चकती चांदणीचीच हवी. कडबोळ्याच्या किंवा शेवेच्या गोल भोकाची चकती या कामाला वापरू नये, कारण वर सांगितलेला फुटण्याचा धोका तिथेच असतो. नेहमीच्या चकलीच्या चकतीतून चुरो बारीक निघतात आणि लवकर कडक होतात, म्हणून मिळाल्यास बोटभर जाड पडेल अशी मोठ्या चांदणीची चकती घ्यावी. मैदा चालतो. उकड गरम असतानाच घोटून गुठळ्या मोडाव्यात, मग पाच-दहा मिनिटे निवू द्यावी. सोऱ्यात भरताना हवा राहू देऊ नये. कढईत एका वेळी चार-पाचच पाडावेत आणि सोनेरी होईपर्यंत झाऱ्याने एकदाच उलटावेत. चॉकलेटसाठी दोन कप दुधात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड असतानाच कालवून घ्यावे, मग किसलेले काळे चॉकलेट घालून मंद आचेवर ढवळत दाट करावे. ते आधी करून ठेवावे. चुरो शेवटी तळावेत, आणि पहिला घाणा निघाला की सगळ्यांना हाक मारावी.